पुण्यातून बी.ए. अर्थशास्त्र : आधी विषयगट, मग कॉलेज, आणि गणित पहिल्या महिन्यापासून

बारावीचा निकाल लागला की कलाशाखेचा फॉर्म भरताना बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी कॉलेजचं नाव, मग मेरिट लिस्ट, मग फी, आणि अगदी शेवटी, प्रवेशाच्या खिडकीपाशी उभं राहून, विषय. या क्रमाने अर्थशास्त्र घेतलं की दुसऱ्या वर्षी एकेक गोष्ट कळायला लागते. हवा असलेला जोडविषय अर्थशास्त्राच्या तासालाच असतो, म्हणून मिळत नाही. पुढच्या प्रवेशपरीक्षांत गणित असतं. आणि 'आर्ट्सचं इकॉनॉमिक्स म्हणजे नुसती थिअरी' हे ज्यांनी सांगितलं, ते आता भेटत नाहीत.

खालचा क्रम उलटा आहे. तो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. फर्ग्युसन, सेंट मीरा यांसारख्या स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम आणि नियम त्यांचे स्वतःचे असतात, म्हणून तिथे प्रत्येक टप्प्यावर त्यांचंच माहितीपत्रक प्रमाण माना.

## टप्पा १ : शेवट आधी लिहा

अठराव्या वर्षी पक्कं काही ठरत नाही, ठरायलाही नको. पण दोन-तीन शक्यता कागदावर लिहा, कारण प्रत्येकीची मागणी वेगळी आहे.

अर्थशास्त्रातच पुढे शिकायचं असेल तर गणित टळत नाही. दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू इथल्या एम.ए.ला सीयूईटी-पीजी या सामाईक पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतून प्रवेश मिळतो. आयआयटींच्या 'जॅम' या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२१पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्यात सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था यांच्या जोडीला संख्याशास्त्र आणि गणित येतं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशात तर गणिताची स्वतंत्र चाचणी असते.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. वैकल्पिक विषय म्हणून अर्थशास्त्र घेतलं तर मुख्य परीक्षेत २५० गुणांचे दोन पेपर. इथे पुण्यात, स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या शास्त्री रोडवर ऐकू येणारा एक गैरसमज दूर करायला हवा. भारतीय आर्थिक सेवेसाठी बी.ए. पुरत नाही, अर्थशास्त्र किंवा त्याच्या ठरावीक शाखांमधली पदव्युत्तर पदवी लागते. पदवी हातात पडल्यावर हे कळलं की पुढचं सगळं नियोजन दोन वर्षांनी सरकतं.

कायदा, पत्रकारिता किंवा स्वयंसेवी संस्थांचं काम डोक्यात असेल तर मेजर (पदवीचा मुख्य विषय) अर्थशास्त्र ठेवून जोडविषयात लिखाणाचा, वाचनाचा विषय घ्या.

तपासा: तुमच्या यादीतल्या प्रत्येक शक्यतेसमोर 'गणित लागतं / लागत नाही' असं लिहिलं आहे का? एकासमोर जरी 'लागतं' असेल, तर टप्पा ६ वगळू नका.

## टप्पा २ : बी.ए. की बी.एस्सी.?

परदेशी विद्यापीठांत असते तशी 'आर्ट्स अधिक इकॉनॉमिक्स' अशी जोडपदवी आपल्याकडे सरसकट मिळत नाही. ही जोड मेजर आणि मायनर (दुय्यम विषय) यांतून आपणच बांधायची असते.

पुण्यात अर्थशास्त्राची बी.एस्सी.सुद्धा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था आणि सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही दोन ठळक नावं. तिथे गणित आणि संख्याशास्त्राचा भार जास्त, इतर कलाविषयांना जागा कमी. राज्यशास्त्र, इतिहास, भाषा यांत खरोखर रस असेल तर बी.ए.च बरी. 'बी.एस्सी. म्हटलं की वजन पडतं' एवढ्याच कारणाने तिकडे जाऊ नका.

सावधान: सिम्बायोसिससारख्या ठिकाणी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते आणि तिची नोंदणी बारावीच्या निकालाआधीच संपते. निकालानंतर चौकशीला गेलात तर हा पर्याय त्या वर्षापुरता गेलेला असतो. बी.ए.चे प्रवेश मात्र कॉलेज पातळीवर, प्रामुख्याने बारावीच्या गुणांवर होतात.

## टप्पा ३ : विषयगट, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून मेजर-मायनरची रचना आली. एका सत्राला साधारण २२ क्रेडिटं, तीन वर्षांची १३२ आणि ऑनर्ससह चौथं वर्ष केलं तर १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास. मेजर आणि मायनरशिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली हे सगळं त्यातच बसवलेलं असतं.

गडबड पहिल्या वर्षीच होते. अनेक कॉलेजांत एफ.वाय.ला तीन विषय घ्यायचे असतात. त्यांतला एक पुढे मेजर होतो, एक मायनर, एक सुटतो. म्हणजे जो विषय पहिल्या वर्षी घेतलाच नाही, तो दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून मागता येत नाही. 'आता घेऊ काहीतरी, नंतर बदलू' हे जुन्या पद्धतीतही अवघड होतं, आता त्याहून अवघड आहे.

कॉलेज हे तीन विषय मोकळे देत नाही, गटांत देते. माहितीपत्रकात गटांचा तक्ता असतो. तो घेऊन अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटा. कार्यालयातल्या खिडकीवर फक्त जागा शिल्लक आहेत का, एवढंच कळतं. विचारायचं ते असं:

१. या गटातला कोणता विषय दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून उपलब्ध आहे? कॉलेजात विषय शिकवला जातो, याचा अर्थ तो मेजर म्हणून मिळतोच असा नाही.

२. मेजर कधी आणि कशावर ठरतो? मागणी जास्त असेल तर पहिल्या वर्षाचे गुण पाहतात का?

३. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या वेगळ्या आहेत का, आणि कोणती अनुदानित, कोणती विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच विषयाची फी यामुळे कितीतरी वेगळी निघते.

४. चौथं वर्ष याच कॉलेजात आहे का?

आणि एक काम विभागात होत नाही, कट्ट्यावर होतं. एस.वाय.च्या कुणाकडून तरी चालू वेळापत्रकाचा फोटो मिळवा. भूगोल आणि मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं बहुधा दुपारी असतात. तुम्ही दुपारी नोकरी किंवा क्लास धरणार असाल तर ते आत्ताच दिसेल.

जोड कोणती घ्यावी, याबद्दल मत देतो. अर्थशास्त्र-राज्यशास्त्र-इतिहास हा गट स्पर्धा परीक्षावाल्यांचा लाडका आहे आणि वाईट नाही. पण तिन्ही विषयांत तीच सवय गिरवली जाते, वाचा आणि लिहा. आकडे हाताळायची सवय कुठूनच येत नाही. कॉलेजात संख्याशास्त्र किंवा गणित कलाशाखेच्या गटात असेल तर डोळे मिटून घ्या. नसेल तर भूगोल घ्या. नकाशा, सर्वेक्षण, जमीनवापर हे शेती आणि शहरांच्या अर्थशास्त्राला थेट उपयोगी पडतं. मानसशास्त्र ग्राहकवर्तनाकडे नेतं. मराठी मायनर घेणाऱ्याला घरचे विचारतात, 'याचा काय उपयोग?' माझ्या मते अर्थसंकल्पावर चार परिच्छेद स्वच्छ मराठीत लिहू शकणारी माणसं इतकी कमी आहेत की ही जोड उलट दुर्मीळ आणि कामाची आहे.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं. तिथे सोपं काय म्हणून न शोधता हिशेबाची ओळख, संख्याशास्त्राची तोंडओळख किंवा स्प्रेडशीट असलं काही मिळतंय का ते आधी बघा.

तपासा: तुमच्याकडे आता किमान दोन कॉलेजांचे गट लिहिलेले हवेत, आणि प्रत्येकासमोर मेजर-मायनरची हवी ती जोडी शक्य आहे की नाही ते. कॉलेजांचा पसंतीक्रम आता लावा, आधी नाही.

## टप्पा ४ : कागदपत्रं

ज्याला वेळ लागतो ते आधी करा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर प्रांत कार्यालयातून निघतात, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसीलमधून. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो. निकालानंतरच्या आठवड्यांत सगळा जिल्हा तिथेच असतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये, बारावीचे पेपर संपताच अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेयरची मुदत प्रवेशाच्या वर्षात चालते ना, ते वाचून घ्या. जुनं प्रमाणपत्र फाइलला लावून निर्धास्त राहणारे दरवर्षी असतात.

बाकी नेहमीचंच. दहावी-बारावीची गुणपत्रकं, कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. बारावी सीबीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या बोर्डाची असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

सावधान: सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत एकदा कॉलेजने जमा करून घेतली की ती सहज परत मिळत नाही. देण्याआधी चार झेरॉक्स आणि एक स्कॅन.

## टप्पा ५ : प्रवेश पक्का करणं

फी भरली म्हणजे प्रवेश संपला, असं धरू नका. त्यानंतर तीन गोष्टी उरतात आणि त्या या क्रमाने करा.

आधी पावतीवरचा गट आणि माध्यम वाचा. घाईत टाइप झालेला चुकीचा गट पहिल्या आठवड्यात दुरुस्त होतो, परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी होत नाही.

मग विद्यापीठाचा पात्रता अर्ज, म्हणजे एलिजिबिलिटी. तो राहिला तर पुढे निकाल अडकतो.

मग अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि मिळवलेली क्रेडिटं जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं, डिजिलॉकरमधून. या खात्याला सगळे एबीसी म्हणतात, आणि पुण्यात एबीसी म्हटलं की अप्पा बळवंत चौकच आठवतो, तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर 'एबीसीचं काम झालं का?' असा निरोप आला तर पुस्तकं आणायला निघू नका. आधार, बारावीचं गुणपत्रक आणि हे खातं या तिन्हींत नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं.

फी-सवलत किंवा शिष्यवृत्ती लागू असेल तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, बँक खातं आधारशी जोडून. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना तुमच्या कॉलेजात चालते का, हेही विद्यार्थी विकास विभागात याच फेरीत विचारून घ्या.

## टप्पा ६ : गणिताचा पाया, पहिल्या दीड महिन्यात

एफ.वाय.चे सुरुवातीचे तास हलके वाटतात. नेमका तेव्हाच पाया घालायचा असतो, पण मुलं गॅदरिंगनंतर जागी होतात. बारावीला गणित नसलं तरी इथून सुरू करता येतं: शेकडेवारी, गुणोत्तर, रेषेचा उतार, साधी समीकरणं, आलेख वाचणं. नंतर राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या गणित आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकातून विकलन (डिफरन्सिएशन, कॅल्क्युलसचा भाग) आणि सरासरी-विचलन. कॅल्क्युलसच्या नावाला घाबरून क्लास लावायच्या आधी ही पुस्तकं उघडून तर बघा.

कुठे घसरायला होतं ते एका उदाहरणावर दाखवतो. कांदा ४० रुपयांवरून ५० रुपये किलो झाला आणि एका दुकानाची विक्री दिवसाला १०० किलोवरून ८० किलोवर आली. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते ते, किती?

बहुतेक जण असं करतात: विक्री २० टक्के घटली, किंमत २५ टक्के वाढली, २० भागिले २५, उत्तर ०.८. म्हणजे मागणी कमी लवचिक. आता हेच उलटं करा, ५०वरून ४०. किंमत २० टक्के घटली, विक्री २५ टक्के वाढली, उत्तर १.२५. त्याच दोन बिंदूंमध्ये एकदा कमी लवचिक आणि एकदा जास्त लवचिक, हे कसं? पाया बदलला म्हणून. बदल दोन्हींच्या सरासरीवर काढा. विक्रीची सरासरी ९०, म्हणून २० भागिले ९०. किंमतीची सरासरी ४५, म्हणून १० भागिले ४५. दोन्हीकडे २२.२ टक्के आणि उत्तर बरोबर १. पडताळा घ्यायचा तर ग्राहकांचा एकूण खर्च पाहा. चाळीस गुणिले शंभर ४०००, पन्नास गुणिले ऐंशी तेही ४०००. खर्च बदलला नाही, म्हणजे लवचिकता एकक.

हे उदाहरण पाच वेगवेगळ्या आकड्यांनी वहीत करा. सूत्र पाठ असणं आणि ते कुठे फसवतं हे माहीत असणं, यांत पासापुरते गुण आणि पहिला वर्ग इतकं अंतर आहे.

आणखी दोन ठिकाणी हमखास चूक होते. टक्का आणि टक्केबिंदू (पर्सेंटेज पॉइंट): फेब्रुवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५०वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. दर पाव टक्केबिंदूने, म्हणजे २५ बेसिस पॉइंटने उतरला. शेकडेवारीत ही घट जवळपास ३.८५ टक्के होते. 'दरात ०.२५ टक्के घट' असं पेपरात छापतात, उत्तरपत्रिकेत तसं लिहू नका. आणि वास्तव वाढ: पगार ८ टक्के वाढला, महागाई ६ टक्के, तर वास्तव वाढ १.०८ भागिले १.०६, म्हणजे साधारण १.९ टक्के. नुसती वजाबाकी अंदाजाला चालते, महागाई मोठी असली की फसते.

तपासा: मागणी वक्र काढून, किंमत सोडून दुसरं काही (उत्पन्न, पर्यायी वस्तूची किंमत) बदललं तर वक्र सरकतो आणि किंमत बदलली तर आपण त्याच वक्रावर हलतो, हे पुस्तक न पाहता कुणाला तरी समजावून सांगा. अडखळलात तर पुढच्या प्रकरणाकडे जाऊ नका.

## टप्पा ७ : दोन विषय, दोन प्रकारची उत्तरं

इतिहास-राज्यशास्त्राच्या सवयीने लिहिलेलं अर्थशास्त्राचं उत्तर ओळखू येतं. प्रस्तावना दीड पान, मुद्दा चार ओळी, आकृती शेवटी उरलेल्या जागेत. परीक्षक उलटं शोधत असतात. व्याख्या, गृहीतकं, आकृती, आकृतीचं स्पष्टीकरण, मर्यादा. गृहीतकं गाळणं ही सगळ्यात महाग चूक, कारण 'इतर परिस्थिती कायम' हे न लिहिता मागणीचा नियम अर्धाच राहतो.

आकृतीत किंमत उभ्या अक्षावर, नग आडव्या अक्षावर. दोन्ही अक्षांना नावं, वक्रांना नावं, समतोल बिंदूपासून दोन्ही अक्षांवर तुटक रेषा. पेन्सिल आणि पट्टी. आणि आकृतीत दिलेलं प्रत्येक अक्षर मजकुरात एकदा तरी आलंच पाहिजे, नाहीतर ती शोभेची आकृती होते.

मराठी माध्यमात लिहिणाऱ्यांनी एक वही फक्त संज्ञांसाठी ठेवावी. एकाच गोष्टीला एका पुस्तकात सूक्ष्म अर्थशास्त्र आणि दुसऱ्यात अंशलक्ष्यी म्हटलेलं असतं, आणि पुढची प्रवेशपरीक्षा इंग्रजीत येते. तिन्ही रूपं शेजारी लिहून ठेवा. उत्तरात मात्र एकच रूप शेवटपर्यंत.

अंतर्गत गुण हलके घेऊ नका. अंतर्गत आणि सत्रअखेर अशा दोन्हींत स्वतंत्र उत्तीर्ण व्हावं लागतं. सत्राच्या पेपरात चांगले गुण असूनही ट्यूटोरियल न दिल्याने विषय राहिलेली मुलं प्रत्येक कॉलेजात सापडतील.

## टप्पा ८ : फील्ड प्रोजेक्ट

'महाराष्ट्रातील बेरोजगारी : एक अभ्यास' असा विषय घेतलात की प्रोजेक्ट नेटवरून उतरवण्याशिवाय मार्ग उरत नाही. पायी जाता येईल, मोजता येईल असा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, गुलटेकडी मार्केट यार्डातला टोमॅटो मंडईत आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर पोचेपर्यंत त्याच्या किंमतीत काय काय वाढत जातं?

करायचं ते या क्रमाने:

१. प्रश्न एका वाक्यात लिहून मार्गदर्शकांची सही घ्या. विषय नंतर बदलायची वेळ येते ती इथेच, तोंडी होकारावर काम सुरू केल्यामुळे.

२. दुय्यम आकडे आधी. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोजचे मिळतात. ते बहुतेक क्विंटलचे असतात, किरकोळ भाव किलोचा. शंभराने भागायला विसरलेले तक्ते थेट तोंडी परीक्षेपर्यंत पोचतात.

३. मग पहाटे यार्डात जा. हमाली, तोलाई, अडत, वाहतूक यांतलं कोण काय देतं, ते प्रत्येकाला वेगळं विचारा. एकाच अडत्याचं म्हणणं म्हणजे बाजार नव्हे. गर्दी ओसरल्यावर विचारा, लिलाव चालू असताना वही काढलीत तर कुणी उभं करणार नाही.

४. घाऊक आणि किरकोळ भाव एकाच दिवसाचा, एकाच प्रतीचा घ्या. खराब होऊन फेकला जाणारा माल धरा, नाहीतर गाडीवाल्याचा नफा कागदावर भलताच फुगतो.

सावधान: गूगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर टाकून आलेली उत्तरं म्हणजे 'पुणे शहरातील ग्राहक' नव्हेत. नमुना कोणाचा आहे ते शीर्षकातच लिहा, उदा. 'अमुक कॉलेजचे विद्यार्थी'. छोटा पण खरा दावा तोंडी परीक्षेत टिकतो.

संदर्भासाठी राज्याची 'आर्थिक पाहणी' दर अर्थसंकल्पाच्या वेळी येते आणि मराठीतही असते. जुनी नियतकालिकं, अहवाल हवे असतील तर गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय. विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, दारावरचा वेळ वाचतो.

## टप्पा ९ : तिसरं वर्ष आणि त्यापुढे

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडलात तर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं. चौथं वर्ष ऑनर्सचं केलं तर नव्या रचनेत ते एका वर्षाचं होऊ शकतं. पण जिथे जायचं आहे ती संस्था एक वर्षाचा अभ्यासक्रम देते का, हे पाहूनच चौथ्या वर्षाचा निर्णय घ्या. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र किंवा पदविका घ्यायची तर त्यासाठी जादा क्रेडिटांचं काम करावं लागतं, ते आपोआप मिळत नाही.

मेजर-मायनरपलीकडे खरोखर दुसरी पदवी हवी असेल तर यूजीसीने २०२२मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर तासांच्या वेळा आदळता कामा नयेत. व्यवहारात एक कॉलेजातून आणि एक इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून हेच जमतं. परीक्षांच्या तारखा मात्र एकमेकींवर येऊ शकतात, त्याची काळजी कुठलंच विद्यापीठ तुमच्यासाठी घेत नाही.

जॅम फेब्रुवारीत असते आणि तिचे अर्ज आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुटतात, म्हणजे टी.वाय.चं पहिलं सत्र चालू असताना. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण हिवाळ्यात. तेव्हा तयारी एस.वाय.च्या उन्हाळी सुट्टीत सुरू व्हायला हवी.

शेवटच्या सत्राआधी एकदा क्रेडिटांची बेरीज स्वतः करा. मेजर, मायनर, इलेक्टिव्ह, कौशल्य असे रकाने पाडून, गुणपत्रकं समोर ठेवून. दोन क्रेडिटांचा एखादा विषय मागे राहिलेला असतो आणि डिजिलॉकरमध्ये तो दिसत नाही. निकालानंतर पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज आणि शुल्क भरावं लागतं. त्या अर्जात नाव देवनागरीतही भरायचं असतं. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ आणि आईचं नाव तपासूनच 'सबमिट' दाबा.